वाहनाचा क्रमांक आणि मालकाचे नाव

आपल्या मालकीच्या बहुतेक वस्तू आपण घरात ठेवतो, काही तिजोरीत ठेवतो आणि त्यांच्या खुणा परक्याच्या दृष्टीस पडू नयेत अशी काळजी घेतो. पासबुकावरील खातेक्रमांक आपण अनोळखी माणसाला दाखवीत नाही. वाहनाची गोष्ट मात्र उलट आहे. त्याचा क्रमांक ठळक अक्षरांत, पुढे आणि मागे, रात्री दिवा लावून, कोणालाही वाचता येईल अशा रीतीने लावण्याची सक्ती कायद्यानेच केली आहे. असे असूनही त्या क्रमांकामागचे नाव, पत्ता, भ्रमणध्वनी क्रमांक किंवा कर्ज देणाऱ्या बँकेचे नाव रस्त्यावरच्या प्रत्येकाला कळावे, अशी कोणाही वाहनधारकाची इच्छा नसते. उघडा क्रमांक आणि झाकलेले नाव यांची ही जोडी कशी जमली, आज ती कितपत टिकून आहे आणि ती टिकावी म्हणून ग्राहकाने व बँकेने काय करावयास हवे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नावाच्या जागी क्रमांक

मोटारींच्या अगदी आरंभीच्या काळात ही जोडी नव्हती. १४ ऑगस्ट १८९३ रोजी पॅरिसच्या पोलिस प्रमुखांनी काढलेल्या आदेशानुसार प्रत्येक मोटारीच्या डाव्या बाजूस धातूची पट्टी लावावी लागे आणि तिच्यावर परवाना क्रमांकाबरोबरच मालकाचे नाव व पत्ता सुवाच्य अक्षरांत लिहावा लागे. घरावर पाटी असावी तशीच ही गाडीवरची पाटी. त्या वेळी शहरात मोटारी थोड्या होत्या आणि मालक बहुधा सर्वांच्या माहितीतले असत, म्हणून ते खपून गेले. पण वेग वाढला, तसे धावत्या गाडीवरचे नाव-पत्ता वाचणे अशक्य झाले. ब्रिटनमध्ये १९०३ च्या मोटार कायद्याने वेगमर्यादा ताशी २० मैलांपर्यंत वाढविली आणि त्याच कायद्याने १ जानेवारी १९०४ पासून प्रत्येक गाडीला क्रमांक सक्तीचा केला. वेगाची मुभा हवी असेल तर ओळख पटविता आली पाहिजे, असा तो सरळ व्यवहार होता.

क्रमांक आला आणि नाव गाडीवरून उतरून सरकारी नोंदवहीत गेले. हा बदल दिसायला लहान, परंतु परिणामाने मोठा आहे. एखाद्या मोटारीने पादचाऱ्यास धडक दिली, तर तिचा क्रमांक टिपणाऱ्याला मालकापर्यंत पोहोचता आले पाहिजे. पण ते शासनाच्या मार्फत, सकारण पोहोचता आले पाहिजे. ज्याला कारण नाही, त्याच्यासाठी तो क्रमांक म्हणजे केवळ काही अक्षरे व अंक असावेत. वाहनधारकाची गोपनीयता क्रमांक लपविल्याने राखली जात नाही. ती नोंदवही कोण उघडतो यावर अवलंबून असते. हा मुद्दा ध्यानात घेतला म्हणजे पुढचे सारे प्रश्न आपोआप नीट मांडले जातात.

क्रमांक काय सांगतो

आपल्याकडे आज चालणारी पद्धत मोटार वाहन कायदा, १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतून आली. त्यापूर्वी राज्यांना वाटून दिलेली तीन अक्षरे व त्यापुढे अंक असा क्रमांक असे. एमआर किंवा बीएम अशा अक्षरांनी सुरू होणाऱ्या गाड्या जुन्या पिढीला आठवत असतील. आता राज्याची दोन अक्षरे, परिवहन कार्यालयाचे दोन अंक, मालिकेची अक्षरे आणि शेवटी चार अंक असा क्रम असतो. एमएच १२ म्हटले की पुणे, एमएच ०९ म्हणजे कोल्हापूर, एमएच ३१ म्हणजे नागपूर, हे शाळकरी मुलेही सांगतात. महाराष्ट्राबाहेर ज्यांची घरे आहेत अशा मराठी वाचकांना बडोद्याचा जीजे ०६, इंदूरचा एमपी ०९, बेळगावचा केए २२ किंवा पणजीचा जीए ०१ तितकाच ओळखीचा असेल. राज्यांची अक्षरेही कधी कधी बदलतात. उत्तराखंडाचे यूए २००७ मध्ये यूके झाले, ओडिशाचे ओआर २०१२ मध्ये ओडी झाले आणि तेलंगणाचे टीएस २०२४ मध्ये टीजी झाले.

पाटीचा रंगही बोलतो. पांढऱ्यावर काळी अक्षरे म्हणजे खाजगी वाहन, पिवळ्यावर काळी म्हणजे भाड्याने चालणारे. विजेवर चालणाऱ्या वाहनाची पाटी हिरवी असते. खाजगी असल्यास तिच्यावर पांढरी आणि भाड्याचे असल्यास पिवळी अक्षरे असतात. म्हणजे गाव, वाहनाचा उपयोग, इंधनाचा प्रकार आणि मालिकेवरून वाहनाच्या वयाचा अंदाज एवढी माहिती क्रमांक कोणालाही देतो. व्यक्ती कोण, हे तो सांगत नाही.

आपल्या समाजात काही हौशी मंडळींना हा अनामिकपणा मानवत नाही, हा भाग वेगळा. ४१४१ हे अंक वळवून 'दादा' करावयाचे, २१४ चे 'राम' करावयाचे, ८०५५ चे रोमन लिपीतील 'बॉस' करावयाचे, आणि अशा क्रमांकासाठी परिवहन कार्यालयात वेगळे शुल्क भरावयाचे, ही महाराष्ट्रातील जुनी हौस. पसंतीचा क्रमांक घेणे नियमात बसते. त्याची अक्षरे वाकविणे बसत नाही. नियमाप्रमाणे पाटीवर रोमन अक्षरे व आंतरराष्ट्रीय अंकच, ठरवून दिलेल्या मापात हवेत. देवनागरी क्रमांकाविषयी आपल्याला कितीही जिव्हाळा असला तरी नोंदणी पाटीवर तो चालत नाही.

नोंदवहीत मालक कोण

बँकेच्या कर्जातून वाहन घेतले की नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे ज्याला आपण आरसी बुक म्हणतो त्यावर, नजरगहाणाची नोंद होते. त्यामुळे अनेक ग्राहकांचा असा समज होतो की कर्ज फिटेपर्यंत वाहन बँकेचे आहे आणि त्याची जबाबदारीही बँकेची आहे. कायदा तसे म्हणत नाही. १९८८ च्या कायद्यातील कलम २(३०) नुसार ज्याच्या नावे वाहन नोंदलेले असेल तो मालक होय, आणि वाहन भाडेखरेदीवर, भाडेपट्ट्यावर किंवा नजरगहाण असेल तर त्या कराराखाली ज्याच्या ताब्यात ते असेल तो मालक मानला जातो. म्हणजे कर्जदार ग्राहकच मालक. मात्र कर्ज देणाऱ्या संस्थेच्या लेखी संमतीशिवाय ते वाहन दुसऱ्याच्या नावे करता येत नाही.

कर्जाचा शेवटचा हप्ता भरला की बहुतेक ग्राहक सुटकेचा श्वास टाकतात आणि विषय संपला असे मानतात. वाहनकर्ज विभागात काम करणाऱ्या सहकाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. बँकेने दिलेले ना हरकत पत्र आणि नमुना ३५ च्या सहीशिक्क्याच्या प्रती कपाटात पडून राहतात. चार-पाच वर्षांनी वाहन विकावयाचे ठरते, तेव्हा नोंदवहीत कर्जबोजा तसाच दिसतो. दरम्यान शाखेचे विलीनीकरण झालेले असते, जुने पत्र मुदतबाह्य झालेले असते आणि ग्राहकाला पुन्हा पहिल्यापासून धावपळ करावी लागते. कर्ज फिटताच नमुना ३५ परिवहन कार्यालयात दाखल करून बोजा उतरवून घेणे, आणि तो नोंदीतून खरोखर गेला आहे हे पाहणे, हे कर्जफेडीचेच शेवटचे काम समजावे. शाखेतील कर्मचाऱ्यांनीही कागद हाती देताना एवढे एक वाक्य बोलून दाखविले तर ग्राहकाचे हेलपाटे वाचतील.

आणखी एक सोय फारशी कोणी वापरीत नाही. २०२१ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन नोंदणी प्रमाणपत्रावर वारसदार म्हणून नामनिर्देशन करण्याची तरतूद आली. ठेवीच्या अर्जावर नामनिर्देशनासाठी आग्रह धरणारे आपण, घरातील सात-आठ लाखांच्या मोटारीविषयी मात्र त्याचा विचारही करीत नाही.

विकलेले वाहन, राहिलेले नाव

वाहनाच्या व्यवहारात सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे वाहन देऊन टाकणे आणि नाव तसेच ठेवणे. हे कसे घडते ते सर्वांना ठाऊक आहे. जुनी दुचाकी ओळखीच्या माणसाला विकली जाते. पैसे रोख मिळतात. नमुना २९ आणि नमुना ३० वर विक्रेता कोऱ्याच सह्या करून देतो आणि घेणारा म्हणतो, "नावावर करून घेतो, काळजी करू नका." पुढे घेणारा ती दुचाकी तिसऱ्याला विकतो, तो चौथ्याला, कोऱ्या सह्यांचे कागद वाहनाबरोबर हातोहात फिरत राहतात. शासनाच्या नोंदवहीत मात्र पहिल्याच माणसाचे नाव असते.

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिलेल्या एका निकालात नेमकी हीच परिस्थिती होती. नोंदणीकृत मालकाने २००७ मध्ये मोटार विकली होती आणि त्यानंतर ती आणखी काही हातांत गेली होती. मे २००९ मध्ये तिचा अपघात झाला. मूळ मालकाचे म्हणणे असे की वाहन आपल्याकडे नव्हतेच. न्यायालयाने ते मानले नाही. नोंदवहीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि अपघातग्रस्ताने एकामागून एक झालेल्या विक्रीव्यवहारांचा माग काढीत फिरावे अशी अपेक्षा धरता येणार नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. अपघातग्रस्ताच्या बाजूने पाहिले तर ती रास्तच आहे. त्याच्या हाती फक्त क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून मिळणाऱ्या नावावरही विश्वास ठेवता येणार नसेल, तर नोंदणीचा हेतूच नाहीसा होईल.

कलम ५० नुसार विक्रेत्याने त्याच राज्यातील हस्तांतरणाची सूचना १४ दिवसांत द्यावयाची असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करावयाचा असतो. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की विक्रेत्याची जबाबदारी स्वतंत्र आहे. ती घेणाऱ्याच्या शब्दावर सोपविता येत नाही. विक्री जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यामार्फत होत असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे त्याच्याकडे परिवहन कार्यालयाचे अधिकारपत्र असावयास हवे आणि वाहन त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना कार्यालयास गेली पाहिजे. ती गेल्याची पोच मागून घ्यावी. वाहन देताना दिनांक आणि वेळ लिहिलेली पावती करावी व घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत ठेवावी. एवढे करूनही नोंद बदलली का, हे महिना-दोन महिन्यांनी परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर पाहणे आवश्यक आहे. पावती पोलिसांपुढे उपयोगी पडते, पण नुकसानभरपाईच्या दाव्यात नोंदवहीच बोलते.

गोपनीयतेचा आणि या प्रकरणाचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. आपले नाव परक्याच्या वाहनावर राहणे म्हणजे परक्याच्या कृत्यांना आपला पत्ता देणे होय.

बदलीची नोकरी आणि पत्ता

राष्ट्रीयीकृत बँकेतील अधिकाऱ्याची मोटार त्याच्याबरोबर फिरते. नागपूरहून जयपूर, तेथून चेन्नई. वाहन दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवले तर तेथील नवा क्रमांक घेणे कलम ४७ ने बंधनकारक आहे. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, कर्ज असल्यास बँकेची संमती, नव्या राज्याचा कर आणि जुन्या राज्याकडून कराचा परतावा असे सोपस्कार करावे लागतात. परताव्यासाठी किती फेऱ्या होतात, हे ज्यांनी मारल्या त्यांनाच विचारावे.

या त्रासावर उपाय म्हणून १५ सप्टेंबर २०२१ पासून 'बीएच' म्हणजे भारत मालिका सुरू झाली. संरक्षण दलांतील, केंद्र व राज्य शासनांतील आणि सार्वजनिक उपक्रमांतील कर्मचाऱ्यांना, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खाजगी आस्थापनांतील कर्मचाऱ्यांना ती घेता येते. क्रमांकाच्या आरंभी नोंदणी वर्षाचे दोन अंक, मग बीएच, मग चार अंक व शेवटी अक्षरे येतात. कर एकदम पंधरा वर्षांचा न भरता दोन वर्षांचा किंवा दोनच्या पटीत भरावयाचा असतो. मोटारीच्या किमतीनुसार ८, १० आणि १२ टक्के असे त्याचे मूळ दर ठरविण्यात आले. डिझेलवर दोन टक्के अधिक, विजेच्या वाहनास दोन टक्के कमी. या मालिकेचा एक न ठरविलेला लाभही आहे: बीएच क्रमांकावरून मालक कोणत्या गावचा हे कळत नाही. परप्रांतात राहणाऱ्या माणसाला पाटीवरच्या दोन अक्षरांमुळे कधी कधी कसे बोल ऐकावे लागतात, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना याचे मोल कळेल.

राज्यातल्या राज्यात घर बदलले तरी नवा पत्ता ३० दिवसांत कळविण्याची तरतूद कलम ४९ मध्ये आहे. जुन्या भाड्याच्या घराचा पत्ता नोंदीत राहिला की न्यायालयाचे समन्स आणि दंडाच्या सूचना भलत्याच दाराशी जातात. भ्रमणध्वनी क्रमांकाचेही तसेच. जुना क्रमांक बंद झाला आणि कालांतराने दुसऱ्याला मिळाला, तर आपल्या वाहनाचे संदेश त्या दुसऱ्याला जाऊ लागतात.

नोंदवही कोणी उघडावी

कोणत्या कारणासाठी नाव मिळावे, हे कायद्याने काही ठिकाणी स्पष्ट केले आहे. अपघातातील नुकसानभरपाई मागणारा किंवा विमा कंपनी यांना विहित शुल्क भरून वाहनाची व ते वापरणाऱ्याची माहिती मिळविण्याचा अधिकार कलम १६० देते. पोलिसांनी विचारल्यास वाहन कोण चालवीत होते हे सांगणे कलम १३३ नुसार मालकावर बंधनकारक आहे. क्रमांकच मिळाला नाही तर काय होते, तेही पाहावे. धडक देऊन पळून गेलेल्या, ओळख न पटलेल्या वाहनाच्या अपघातात मृत्यू आल्यास २ लाख रुपये आणि गंभीर इजा झाल्यास ५०,००० रुपये एवढीच ठरीव मदत १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत मिळते. कमावता माणूस गमावलेल्या कुटुंबाला न्यायाधिकरणाकडून मिळू शकणाऱ्या भरपाईपुढे ही रक्कम फार अपुरी आहे. म्हणून नोंदवही बंद कुलपात ठेवावी असे म्हणता येत नाही.

पण ती सताड उघडी ठेवल्यास काय घडते, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. रेबेका शेफर ही तरुण दूरचित्रवाणी अभिनेत्री. जुलै १९८९ मध्ये एका वेडसर चाहत्याने लॉस एंजेलिस येथे तिच्या घराच्या दारातच तिची गोळी घालून हत्या केली. तिचा पत्ता त्याने एका खाजगी गुप्तहेरामार्फत कॅलिफोर्नियाच्या मोटार वाहन विभागाच्या नोंदींतून मिळविला होता. त्या काळी तेथे अशा नोंदी मिळविणे फारसे अवघड नव्हते. या प्रकारच्या घटनांनंतर १९९४ मध्ये अमेरिकी संसदेने वाहनचालकांच्या गोपनीयतेचा स्वतंत्र कायदा केला आणि राज्यांना ही माहिती वाटेल त्याला देण्यास वा विकण्यास मनाई केली. दक्षिण कॅरोलायना राज्याने त्याला आव्हान दिले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००० मध्ये कायदा एकमताने उचलून धरला. ब्रिटनने निराळा मार्ग धरला आहे. तेथे 'वाजवी कारण' दाखविणाऱ्यास नाव-पत्ता मिळतो, आणि खाजगी वाहनतळ चालविणाऱ्या कंपन्या प्रत्येक चौकशीस अडीच पौंड भरून तो घेत आल्या आहेत. वाजवी कारणाची ही व्याख्या फार सैल आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आपल्याकडे परिवहन कार्यालयांतील जाडजूड वह्यांची जागा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केलेल्या 'वाहन' या संगणकीय प्रणालीने घेतली. वही एका कार्यालयात होती तोवर तिचे रक्षण तिच्या आकारमानानेच होत असे. पानेच्या पाने उलटून नाव शोधण्याचे कष्ट कोण घेणार? देशभरच्या नोंदी एकत्र झाल्यावर तो नैसर्गिक अडसर गेला. मार्च २०१९ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ही माहिती घाऊक स्वरूपात देण्याचे धोरण जाहीर केले. २०१९-२० या वर्षासाठी व्यापारी संस्थांना ३ कोटी रुपये आणि शैक्षणिक संस्थांना ५ लाख रुपये शुल्क ठरले. त्याच वर्षी जुलैमध्ये संसदेत देण्यात आलेल्या माहितीनुसार ८७ खाजगी आणि ३२ शासकीय संस्थांना या नोंदींचा उपयोग करू देण्यात आला होता आणि त्यातून सुमारे ६५ कोटी रुपये मिळाले होते. निरनिराळ्या ठिकाणची माहिती एकमेकींशी जुळवून व्यक्ती ओळखता येण्याचा धोका त्या धोरणाच्या मजकुरातच मान्य केलेला होता. जून २०२० मध्ये गोपनीयतेच्या कारणावरून ते मागे घेण्यात आले. त्याआधी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सांगितले होते. २०२३ मध्ये व्यक्तिगत विदासंरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातील मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करावयाच्या आहेत. शासकीय संकेतस्थळावर आता क्रमांक टाकला तर वाहनाचा तपशील मिळतो, परंतु मालकाच्या नावातील काही अक्षरे फुल्यांनी झाकलेली असतात. खरेदी करणाऱ्याला विम्याची मुदत व कर्जबोजा पाहता यावा आणि नाव मात्र पूर्ण कळू नये, अशी ही मधली वाट योग्य वाटते.

बँक आणि फास्टॅग

फेब्रुवारी २०२१ च्या मध्यापासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला, आणि बँकेचे व वाहनधारकाचे नाते बदलले. पूर्वी बँकेला वाहनाचा क्रमांक केवळ कर्जाच्या फाइलीत ठाऊक असे. आता ते वाहन कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या पथकर नाक्यावरून गेले, हे टॅग देणाऱ्या बँकेच्या नोंदीत उमटते. खात्याचा उतारा माणूस काय खर्च करतो हे सांगतो. फास्टॅगचा उतारा तो कोठे जातो हे सांगतो. एखाद्या उद्योजकाच्या भेटीगाठी, एखाद्या रुग्णाच्या परगावच्या रुग्णालयातील फेऱ्या, कौटुंबिक वादात सापडलेल्या स्त्रीचे माहेरी जाणे, सारे काही त्यात वाचता येते.

राष्ट्रीयीकृत बँकांवर गुप्ततेचे बंधन नवे नाही. १९७० च्या बँकिंग कंपन्या (उपक्रमांचे संपादन व हस्तांतरण) अधिनियमातील कलम १३ नुसार कायद्याने वा बँकव्यवसायाच्या रूढ प्रथेने आवश्यक असल्याखेरीज ग्राहकाची माहिती उघड करता येत नाही. फास्टॅगच्या नोंदींनाही हाच दंडक लावून वागले पाहिजे. "साहेबांची गाडी काल कुठे होती, जरा बघून सांगा," असे ग्राहकाचा भागीदार, नातेवाईक किंवा अगदी पत्नी वा पती यांनी येऊन विचारले, तरी उत्तर खातेदारालाच मिळावयास हवे. पोलिसांची मागणी असल्यास ती लेखी व अधिकृत असावी, आणि तिचे उत्तर शाखाधिकाऱ्यांमार्फत जावे.

ग्राहकाच्या बाजूनेही एक काम आहे. वाहन विकताना काचेवरील टॅग काढून तो बँकेकडे बंद करविला नाही, तर नव्या मालकाच्या प्रवासाचा पथकर जुन्या मालकाच्या खात्यातून जात राहतो आणि एकाच्या फिरण्याच्या नोंदी दुसऱ्याच्या नावावर साचतात.

दुसऱ्याच्या गाडीवर आपला क्रमांक

आता सर्वांत क्लेशदायक प्रकाराकडे वळू. आपले वाहन दारात उभे असते आणि कधी न पाहिलेल्या शहरात सिग्नल मोडल्याबद्दल दंडाची सूचना येते. याचा अर्थ कोणीतरी त्याच बनावटीच्या, त्याच रंगाच्या वाहनावर आपला क्रमांक लावून फिरत आहे. क्रमांक उघडा असल्याने त्याची नक्कल करणे पूर्वी कोणत्याही रंगाऱ्याला जमत असे. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या वाहनांना कारखान्याकडूनच उच्च सुरक्षा पाटी येते ती याचसाठी. तिच्यावर अशोकचक्राचे चमकते चिन्ह असते, लेसरने कोरलेला स्वतंत्र अनुक्रमांक असतो, आणि एकदा बसविले की मोडल्याशिवाय न निघणाऱ्या खिळ्यांनी ती जोडलेली असते. महाराष्ट्रात जुन्या वाहनांनाही ती बसविण्याचा आदेश झाला. दुचाकीसाठी ४५० व मोटारीसाठी ७४५ रुपये अधिक कर असे शुल्क ठरले आणि मुदत अनेकवार वाढवावी लागली. लोकांनी कुरकुर केली. परंतु कोऱ्या पत्र्यावर रंगविलेल्या क्रमांकापेक्षा कोरलेला अनुक्रमांक आपल्या नावाचे अधिक रक्षण करतो, यात शंका नाही.

अशी सूचना आली तर प्रथम ती खरी आहे का ते पाहावे. दंडाच्या नावाखाली भ्रमणध्वनीवर एपीके नावाची फाइल पाठवून ती उघडावयास लावायची आणि खाते रिकामे करायचे, हा सध्याचा फार पसरलेला फसवणुकीचा प्रकार आहे. खऱ्या चलानासाठी कोणतेही ॲप उतरवून घ्यावे लागत नाही. परिवहन मंत्रालयाच्या ई-चलान संकेतस्थळावर स्वतः जाऊन वाहनाचा क्रमांक टाकला की ते दिसते. फाइल चुकून उघडली गेलीच, तर बँकेस आणि १९३० या मदतक्रमांकास तत्काळ कळवावे.

चलान खरे पण वाहन आपले नसेल, तर दंड भरून मोकळे होऊ नये. दंड भरणे म्हणजे ते वाहन आपले असल्याचे मान्य करण्यासारखे आहे, आणि आज सिग्नल मोडणारे ते वाहन उद्या एखाद्या अपघातातही सापडू शकते. चलानावरील छायाचित्र मोठे करून पाहावे. पाटीवरील अशोकचक्र आहे का, काचेवरचा स्टिकर, आरसे, चाकांची बनावट, ओरखडे, मागच्या काचेवरील मजकूर यांतील फरक टिपून ठेवावा. आपले वाहन त्या वेळी दुसरीकडे होते हे दाखविण्यास इमारतीच्या फाटकावरील नोंद, दुरुस्ती केंद्राची पावती किंवा त्याच दिवसाचा फास्टॅगचा उतारा उपयोगी पडतो. उतारा बँकेकडून ग्राहकाला स्वतःच्या मागणीवर मिळतो. हे सर्व जोडून संकेतस्थळावर हरकत नोंदवावी, जवळच्या पोलिस ठाण्यात क्रमांकाच्या गैरवापराची लेखी तक्रार द्यावी आणि तिची एक प्रत परिवहन कार्यालयास व विमा कंपनीस पाठवून दोन्हीकडील पोच नोंदणी प्रमाणपत्राबरोबरच ठेवावी.